झू शी: निषिद्ध विद्येपासून राजमान्य भाष्यापर्यंत

चीनमध्ये १३१५ पासून १९०५ पर्यंत, मधले काही खंड वगळता, सरकारी अधिकारपदाची आकांक्षा धरणाऱ्या उमेदवाराला कन्फ्यूशियसचे विचार तत्त्वज्ञ झू शी (११३०–१२००) यांच्या भाष्याच्या आधारेच मांडावे लागत. प्रत्यक्षात झू शी यांचे निधन झाले, तेव्हा दरबाराने त्यांची शिकवण ‘खोटी विद्या’ ठरवून निषिद्ध केलेली होती.

११२७ मध्ये ईशान्येकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी उत्तरेतील राजधानी कायफेंग जिंकल्यानंतर सोंग राजसत्तेला दक्षिणेकडे सरकावे लागले. या पराभवाच्या छायेत, फुजियान प्रांतात झू शी वाढले. वयाची विशी उलटण्यापूर्वीच त्यांनी सर्वोच्च राजपरीक्षा उत्तीर्ण केली; तरी प्रत्यक्ष पदावर ते थोडीच वर्षे राहिले आणि उरलेले आयुष्य त्यांनी अध्यापनात व लेखनात घालवले. जिआंगशीतील ‘श्वेतमृग गुहा’ हे मोडकळीस आलेले विद्यापीठ त्यांनी पुन्हा उभे केले.

बौद्ध मताच्या प्रभावाला तात्त्विक उत्तर देण्यासाठी, अकराव्या शतकातील तत्त्वज्ञ चेंग बंधूंच्या विचारांचा आधार घेऊन, प्रत्येक वस्तूत ‘ली’ म्हणजे तिचे अंगभूत तत्त्व असते आणि ‘छी’ या द्रव्यरूप शक्तीतून ती आकार घेते, अशी मांडणी त्यांनी केली. त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य मात्र ग्रंथांच्या निवडीचे होते. कन्फ्यूशियसच्या वचनांचा ‘संवाद’ आणि त्याच परंपरेतील विचारवंताच्या नावाचा ‘मेन्शियस’ या ग्रंथांच्या जोडीला त्यांनी ‘महाविद्या’ व ‘मध्यममार्ग’ ही ‘विधिग्रंथा’तील दोन प्रकरणे स्वतंत्र ग्रंथ म्हणून ठेवली, आणि हे ‘चार ग्रंथ’ पुढे जुन्या पाच अभिजात ग्रंथांच्याही आधी शिकवले जाऊ लागले. ‘महाविद्ये’चा क्रम त्यांनी बदललाच, शिवाय एक परिच्छेद लुप्त झाला आहे असे मानून तो स्वतः लिहून जोडला. हे भाष्यकाराच्या अधिकाराची मर्यादा ओलांडणे होते, असेच म्हणावे लागेल.

१२४१ मध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिरात त्यांना स्थान मिळाले, पण त्यांच्या भाष्याला परीक्षेचा अधिकृत आधार बनवण्याचा निर्णय १३१३ मध्ये घेतला तो परक्या मंगोल युआन राजवटीने. जिज्ञासेने वस्तूंचा शोध घ्या, असे सांगणाऱ्या या विचारवंताची वाक्ये त्यानंतर पाठांतराचा विषय झाली. मिंग काळात वांग यांगमिंग यांनी आणि अठराव्या शतकात दाई झेन यांनी या परंपरेवर प्रखर टीका केली. परीक्षेचा पाठ मात्र बदलला नाही.

कोरियात १३९२ मध्ये स्थापन झालेल्या जोसॉन राजवटीने तर हीच विचारसरणी राज्याचा पाया मानली. तिथल्या पितृपूजेच्या विधींवर झू शी यांच्या नावे प्रचलित असलेल्या गृहविधींचा ठसा आजही दिसतो.