मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधके

नैराश्यावरील आधुनिक औषधांचा हा सर्वांत जुना गट. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन व डोपामिन या चेतापेशींतील संदेशवाहक द्रव्यांचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम ही औषधे रोखतात. त्यामुळे चेतापेशींत या द्रव्यांचा साठा वाढतो. साठा काही दिवसांतच वाढतो, पण मनःस्थिती सुधारायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून केवळ ‘रसायनाची कमतरता भरून निघते’ हे स्पष्टीकरण अपुरे मानणे योग्य.

एंझाइमचे ‘ए’ व ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. नैराश्यात ‘ए’ महत्त्वाचा. फेनेल्झिन व ट्रॅनिलसिप्रोमिन दोन्ही प्रकार कायमचे निकामी करतात. शरीराला नवे एंझाइम घडवण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. मोक्लोबेमाइडचा परिणाम ‘ए’पुरता असून तो उलटवता येतो. सेलेजिलिन कमी मात्रेत मुख्यतः ‘बी’ रोखते व कंपवातात दिले जाते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध प्रथम 1912 मध्ये प्राग येथे तयार झाले, पण त्याची क्षयरोधक शक्ती 1950 च्या सुमारासच उमगली. त्याचे भावंड आयप्रोनियाझिड 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरुग्णांना दिले असता ते उल्हसित झालेले दिसले. ते मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखते, हे जैवरसायनज्ञ झेलर यांनी त्याच वर्षी दाखवले. मनोरुग्णांवरील वापराचे श्रेय बहुधा मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांच्या 1957 मधील कामाला दिले जाते. मात्र अमेरिकेतील सिनसिनाटीच्या लुरी व सॉल्झर या डॉक्टरांनी त्याआधीच नैराश्यात आयसोनियाझिड वापरले होते आणि क्लाइन यांच्या सहकाऱ्याने श्रेयासाठी न्यायालयही गाठले. श्रेय एका नावावर न टाकणेच बरे. या औषधांचा कच्चा माल असलेले हायड्राझीन दुसऱ्या महायुद्धातील रॉकेट-इंधनाच्या शिलकीतून आले, असेही सांगतात. यकृताला होणाऱ्या इजेमुळे आयप्रोनियाझिड पुढे मागे पडले.

या गटाची बदनामी झाली ती आहारामुळे. बराच काळ मुरवलेल्या, आंबवलेल्या किंवा खराब होऊ लागलेल्या प्रथिनयुक्त पदार्थांत जिवाणू टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरामिन तयार करतात. एरवी आतडे व यकृतातील ‘ए’ ते नष्ट करते. ते रोखलेले असेल तर टायरामिन रक्तात पोचून चेतातंतूंतून नॉरॲड्रेनालिन बाहेर ढकलते. रक्तदाब एकाएकी चढतो, डोक्याच्या मागे ठणका लागतो, छाती धडधडते, घाम फुटतो, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. अशा रुग्णात 6 ते 10 मिलिग्रॅम टायरामिननेही दाब वाढू शकतो. चीजशी असलेला संबंध डॉक्टर ब्लॅकवेल यांनी 1963 मध्ये पुढे आणला.

कोकण किनाऱ्यावर प्रश्न चीजचा नसून सुक्या मासळीचा आहे. आगोटीला भरून ठेवलेले बोंबील, सोडे, सुकट, खारा बांगडा यांतील टायरामिन मासळी सुकवण्यापूर्वी किती वेळ उन्हात पडून होती यावर बरेचसे अवलंबून असते. डोळ्यांना ते दिसत नाही, आणि शिजवूनही जात नाही. फेनेल्झिन वा ट्रॅनिलसिप्रोमिन घेणाऱ्याने ही मासळी टाळावी. ताजी, लगेच रांधलेली मासळी चालते. कालचे कालवण नको. आंबलेली माडी वर्ज्य. खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, शरीरात डोपामिन बनणारे लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण ‘झाडपाल्याचे’ म्हणून निर्धोक ठरत नाही.

खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन, सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन, पेथिडीन व ट्रामाडॉल ही वेदनाशामके यांची जोड घातक ठरते. इतर नैराश्यरोधकांबरोबर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर व भ्रम उद्भवतो. म्हणून औषध बदलताना 14 दिवसांचे अंतर ठेवतात. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यरोधक बंद केल्यावर 5 आठवडे. रोधक थांबवल्यावरही दोन आठवडे पथ्य सुटत नाही. तीव्र डोकेदुखी झाल्यास घरी गोळी न शोधता तातडीने रुग्णालय गाठावे.

किनाऱ्यावर मात्र या औषधांपेक्षा त्यांचे क्षयरोधक नातेवाईकच अधिक भेटतात. आयसोनियाझिड मोनोअमाइन ऑक्सिडेजला दुबळेपणाने रोखते व खराब होऊ लागलेल्या मासळीत तयार होणाऱ्या हिस्टामिनचे विघटनही मंदावते. म्हणून ते घेणाऱ्यांत, नीट बर्फात न ठेवलेला बांगडा वा कुप्पा (ट्यूना) खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, डोके दुखणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात दिले जाणारे लिनेझोलिडही काही प्रमाणात मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखते. अशा वेळी क्षयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. मासळी बदलावी व डॉक्टरांना सांगावे.