काळीभोर कॉफी म्हणजे कडक कॉफी?

‘कॉफी जितकी काळी आणि दाट, तितकी ती अस्सल नि कडक’ हा समज घरोघरी आहे. कपात बघून तसंच वाटतं, त्यात नवल नाही.

पण तो रंग बऱ्याचदा चिकोरीचा असतो. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन अजिबात नसतं. रंग, दाटपणा आणि जळक्या गुळासारखा कडवटपणा मात्र भरपूर. ही भेसळ नव्हे. आपल्याकडे मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, फक्त पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. ते बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

घरी पाहायचं तर काचेच्या ग्लासातल्या गार पाण्यावर चिमूटभर फिल्टर कॉफीची पूड भुरभुरवा. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरी लगेच बुडते आणि मागे तपकिरी रेघ सोडते. (इन्स्टंट कॉफी विरघळते, तिथे पाकीटच वाचायचं.)

मग ८०-२० आणि ६०-४० (आधी कॉफीचे टक्के, मग चिकोरीचे) अशी दोन मिश्रणं सारख्याच मापाने करून, दूध-साखर न घालता शेजारी ठेवून चाखा. मला स्वतःला दूध घातल्यावर ८०-२०च आवडते.