दोन रंगांचा खडा म्हणजे रंगवलेला खडा नव्हे

"एकाच खड्यात गुलाबी आणि हिरवा? मग तो रंगवलेलाच!" या जुन्या समजापायी टुरमलीन हे अस्सल रत्न नाकारलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. हा स्फटिक जमिनीखाली वाढत असताना भोवतालच्या द्रावातली मूलद्रव्यं बदलत जातात. मँगनीजमुळे गुलाबी छटा येते, लोहामुळे बहुधा हिरवी. आडवा काप घेतला की कधी कधी हिरव्या सालीच्या कलिंगडाची फोडच समोर येते! अर्थात नुसत्या रंगावरून खरेपणाही ठरत नाही. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागाच. काठिण्य, म्हणजे ओरखडा न पडण्याची ताकद, १ ते १० च्या मोह्स मापावर ७ ते ७.५, म्हणून रोजच्या अंगठीपेक्षा कानातल्यांत किंवा पेंडंटमध्ये तो जास्त सुरक्षित राहतो. धुवायला कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात टाकू नका.