सोलरच्या एअर पाइपला बूच मारण्याआधी

नमस्कार,

दिवाळी सरली आणि पहाटे गारठा पडू लागला की आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "शॉवरला जोर यावा म्हणून सोलर वॉटर हीटरवर प्रेशर पंप बसवला. आता गच्चीत त्या उभ्या पाइपमधून पाणी पडतंय. बंद करून टाकू का?" कृपा करून बंद करू नका. पुष्कळदा आम्ही पोचेपर्यंत कोणीतरी तिथे एंड कॅप चिकटवलेली असते आणि टाकीची शिवण उकललेली असते. म्हणून हे पत्रक.

पुण्यात बहुतेक गच्च्यांवर काचेच्या ट्यूबचं जे सोलर दिसतं, ते उघड्या पद्धतीचं असतं. पाणी ओव्हरहेड टाकीतून आपल्या वजनानं उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घराला जेमतेम पाव किलो मिळतं. शॉवर रडतो तो यामुळे. अशा सोलरची आतली टाकी पातळ स्टीलच्या पत्र्याची असते आणि ट्यूब नुसत्या रबरी रिंगांवर बसलेल्या असतात. प्रेशर सोसणं हे तिचं कामच नाही.

गच्चीतला तो उभा पाइप, म्हणजे एअर पाइप, हा तिचा श्वास आहे. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की पाच लिटरहून जास्त फुगतं. त्या वाढीव पाण्याला, वाफेला बाहेर पडायला वाट लागते. उलट, ओव्हरहेड टाकी रिकामी असताना खाली कोणी नळ सोडला, तर टाकीत हवा शिरायलाही तीच वाट. तिला बूच मारलं की टाकी आतल्या बाजूला चेपते. पफच्या (टाकीभोवतीच्या उष्णता टिकवणाऱ्या फोमच्या) आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, नंतर फक्त गळती दिसते.

आता दीड किलोच्या पंपाचा हिशोब बघा. तो पाणी पंधरा मीटर उंच चढवू शकतो. एअर पाइप गच्चीवर दोन-तीन मीटर असतो, म्हणून पाणी तिथून सांडतं. पाइप बंद केला तर तेच प्रेशर टाकीवर येतं. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका गोल झाकणावर जवळजवळ 1900 किलोचा रेटा होतो. पातळ पत्र्यानं तो किती दिवस सोसावा? फुटलेली टाकी वॉरंटीत का घेत नाही, असं काही ग्राहक रागानं विचारतात. राग समजतो, पण बूच मारलेली टाकी कोणताच कारखाना बदलून देत नाही. म्हणून बसवून झाल्यावर आम्ही एअर पाइपचा फोटो काढून तुम्हाला पाठवतो. तो जपून ठेवा.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. पंप फक्त थंड पाण्याच्या लाइनवर असला तरी एअर पाइप वाहू शकतो. बाथरूममधला मिक्सर दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून पुढची तोटी बंद केली की जोराचं थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं. "सकाळी कोमटच पाणी येतं" ही तक्रारही यातलीच. गरम आणि थंड दोन्ही लाइनींवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला आणि मिक्सर नीट बंद करायची सवय लावली की ती मिटते. यासाठी नवीन सोलर घ्यायची गरज नाही.

जोर हवाच असेल तर दोन मार्ग आहेत.

स्वस्त मार्ग असा, की पंप टाकीच्या पुढे, गरम पाण्याच्या आउटलेटवर लावायचा आणि एअर पाइप उघडाच ठेवायचा. पंप गरम पाणी सोसणारा हवा, साधा पंप सोलरच्या पाण्यानं लवकर जातो. थंड लाइनलाही तेवढ्याच जोराचा दुसरा पंप लागतो. सोलरमध्ये थंड पाणी आणणारा पाइप पाऊण इंची असेल तर आम्ही तो एक इंची करतो. भरणा कमी पडला की पंप एअर पाइपमधून हवा ओढतो आणि अडतो.

दुसरा मार्ग म्हणजे सगळी सिस्टिम सीलबंद करणं. इथे जुनी टाकी ठेवता येत नाही. "तीच सील करून द्या" या मागणीला आम्ही नकार देतो, मग काम दुसरीकडे गेलं तरी चालेल. प्रेशरसाठी बनवलेली, तपासलेली जाड टाकी लागते आणि तिला साजेसे कलेक्टर (उन्हानं पाणी तापवणारा भाग). सोबत थंड बाजूला एनआरव्ही, फुगणाऱ्या पाण्यासाठी एक्स्पान्शन टाकी (200 लिटरला आम्ही निदान 18 लिटरची घेतो) आणि प्रेशर किंवा तापमान वाढलं की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. सोलरची टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कॉक कधीच बसवायचा नाही. कोटेशनमध्ये हे तीन भाग दिसले नाहीत तर ते कोटेशन स्वस्त नाही, अपुरं आहे.

सीलबंद सिस्टिममध्ये दुपारी ऊन चढलं की सेफ्टी व्हॉल्व्ह रोज ठिबकत असेल, तर बहुधा एक्स्पान्शन टाकीतली हवा उतरलेली असते. हवा पुन्हा भरली की ठिबकणं थांबतं. त्या व्हॉल्व्हलाही बूच मारू नका! वार्षिक देखभालीत ही हवा आम्ही पाण्याचं प्रेशर सोडूनच मोजतो.

काम आम्ही सकाळी लवकर सुरू करतो, दुपारी ट्यूबमध्ये पाणी भरत नाही. तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं की काच तडकते.

पंप विकत घेण्याआधी गच्चीतली टाकी, एअर पाइप आणि सोलरवरचं लेबल यांचे तीन फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. कुठला मार्ग जमेल ते त्याच दिवशी कळवतो. सल्ल्याचे पैसे घेत नाही. आमचंच सोलर असायला हवं, असंही नाही.