म्युझिक प्लेअरमध्ये पर्यायी सॉफ्टवेअरने गाणी भरणे

खिशातल्या म्युझिक प्लेअरमध्ये गाणी भरताना कंपनीने दिलेले सॉफ्टवेअर बाजूला ठेवून दुसऱ्या कुणी, बहुतेकदा हौशी प्रोग्रॅमरांनी, लिहिलेले सॉफ्टवेअर वापरण्याची पद्धत. यात दोन कामे येतात. एक म्हणजे गाणे प्लेअरला वाजवता येईल अशा फॉरमॅटमध्ये आणणे आणि दुसरे म्हणजे ते प्लेअरला सापडेल अशा रीतीने आत ठेवणे. लांबून पाहणाऱ्याला पहिले काम अवघड वाटते. पण लोकांचे डोके खाल्ले ते दुसऱ्यानेच.

एमपी३ वाजवणारे पहिले छोटे प्लेअर १९९८ साली बाजारात आले. त्यांतल्या डायमंड कंपनीच्या रिओ पीएमपी३००मध्ये ३२ मेगाबाइट जागा होती, म्हणजे १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट माहितीची) गाणी भरली तर जेमतेम अर्धा तास. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने या यंत्राविरुद्ध दावा लावला, पण १९९९ साली अपील न्यायालयाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. स्वतःकडची गाणी स्वतःपुरती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे गैर नाही, असा या निकालाचा सूर होता.

कंपनीचे सॉफ्टवेअर टाळण्याची गरज का पडते, हे ॲपल कंपनीचा आयपॉड हा प्लेअर उघडून पाहिला की कळते. ऑक्टोबर २००१मध्ये आलेला आयपॉड आधी फक्त ॲपलच्याच मॅक संगणकांशी बोलत असे. विंडोजसाठी आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचे ॲपलचे सॉफ्टवेअर, आले २००३मध्ये आणि लिनक्ससाठी कधीच आले नाही. आयपॉड संगणकाला डिस्क म्हणून जोडून लपवलेले फोल्डर दिसतील अशी सोय केली, की ‘आयपॉड_कंट्रोल’ नावाचे फोल्डर दिसते. त्यात ‘म्युझिक’, आणि त्याच्या आत एफ००, एफ०१, एफ०२ असे ओळीने कप्पे. प्रत्येक कप्प्यात गाणी असतात, पण नावे मात्र चार अक्षरांची, काहीही अर्थ नसलेली. कुठले गाणे कुणाचे, कुठल्या अल्बममधले, ते कोणत्या कप्प्यात आहे, ही सगळी माहिती ‘आयट्यून्सडीबी’ नावाच्या एका फाइलमध्ये असते. आयपॉड फक्त ही यादी वाचतो. एखादे गाणे नुसते ओढून त्या कप्प्यात टाकले तर जागा अडते, पण पडद्यावर गाणे काही दिसत नाही. म्हणून पर्यायी सॉफ्टवेअरचे खरे काम फाइल कॉपी करण्याचे नसून ही यादी हुबेहूब लिहिण्याचे असते.

ते काम लिबजीपॉड या लायब्ररीने (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाने) केले आणि तिच्या आधाराने जीटीकेपॉड, रिदमबॉक्स, अमारॉक असे लिनक्सवरचे प्रोग्रॅम आयपॉडशी बोलू लागले. विंडोजवर विनॅम्प आणि फूबार२००० यांच्यासाठी प्लगइन निघाले. २००७ साली ॲपलने नव्या आयपॉडांच्या यादीत एक पडताळणीचा आकडा घातला. तो त्या-त्या आयपॉडच्या ओळख क्रमांकावरून काढलेला असे आणि जुळला नाही तर प्लेअर एकही गाणे नाही असे दाखवी. काही दिवसांतच हौशी मंडळींनी तो कसा काढायचा ते शोधले. पुढच्या मॉडेलांत कुलूप बदलले. नव्या कुलपाची चर्चा एका विकीवर सुरू झाली, तेव्हा २००८मध्ये ॲपलने ती पाने काढायला लावली. प्रकरण कोर्टात गेल्यावर २००९मध्ये कंपनीने आपली मागणी मागे घेतली.

याच्या उलटा प्रकारही झाला आहे. २००९ साली आलेला पाम कंपनीचा प्री हा फोन आयट्यून्सला आपण आयपॉडच आहोत असे भासवी. ॲपलने जुलैमध्ये आयट्यून्स बदलून ही वाट बंद केली. मग पामने फोनला यूएसबीवर थेट ॲपलचा विक्रेता क्रमांक, म्हणजे यंत्र कोणत्या कंपनीचे ते कळवणारा आकडा, सांगायला लावले. तेव्हा यूएसबीचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेने समज दिली ती पामला.

सोनीने यादीबरोबर गाण्याचा फॉरमॅटही आपल्याच हातात ठेवला. २००१पासूनच्या नेटएमडी मिनीडिस्क (छोट्या चकतीवरची गाणी वाजवणाऱ्या) यंत्रांत संगणकावरून गाणी भरायची तर ती सोनीच्या एट्रॅक फॉरमॅटमध्येच जात, आणि सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गाणे फार तर तीनदा ‘चेक-आउट’ करता, म्हणजे यंत्रात पाठवता, येई. सोनिकस्टेज या सोनीच्या प्रोग्रॅमला वैतागलेल्यांची संख्या मोठी होती, आणि ते वैतागणे रास्त होते. आज हेच काम वेब मिनीडिस्क नावाच्या प्रोग्रॅमने ब्राउझरमधूनच होते.

रूपांतराचे गणित त्यामानाने सरळ आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे सुमारे १,४११ केबीपीएस. चार मिनिटांचे गाणे अशा रीतीने ४२ मेगाबाइट व्यापते, तर १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये चारपेक्षा कमी. एमपी३ करायला १९९८पासून चालत आलेला लेम हा एन्कोडर (रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बहुतेकांच्या पसंतीचा. त्याच्या ‘व्ही२’ सेटिंगमध्ये सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास दर पडतो आणि छोट्या प्लेअरसाठी तेवढे पुरते. ओग व्हॉर्बिस किंवा फ्लॅक (आवाजातले काहीही न गाळता फाइल लहान करणारा) यांसारखे फॉरमॅट बदलायचे तर एफएफएमपेग हा प्रोग्रॅम बहुतेक सगळे करतो. आयपॉडला मुळात फ्लॅक वाजवता येत नाही, पण फ्लॅकचे ॲपल लॉसलेसमध्ये रूपांतर केले तर आवाजातले काहीच जात नाही.

मात्र १२८चे एमपी३ घेऊन त्याचे ३२० करणारे लोक अजूनही भेटतात. फाइल फुगते, आवाज होता त्याहून किंचित बिघडतोच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आवाजातले काही गाळणाऱ्या एका फॉरमॅटमधून तशाच दुसऱ्यात जाणे टाळावे आणि मूळ सीडी किंवा फ्लॅककडे परत जावे.

यादी न ठेवणारे, पेन ड्राइव्हसारखे उघडणारे स्वस्त प्लेअर सर्वांत सोपे. तिथे कॉपी-पेस्ट हेच सॉफ्टवेअर. पण त्यांचीही एक खोड असते. पुष्कळ प्लेअर नावाच्या क्रमाने न वाजवता फाइली ज्या क्रमाने डिस्कवर नोंदल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे अल्बममधले सातवे गाणे पहिले येते. फॅटसॉर्ट हा छोटा प्रोग्रॅम नोंदींचा क्रम लावून देतो. क्रमांक मात्र ०१, ०२ असे शून्य लावून द्यावेत, नाहीतर १च्या पाठोपाठ १० येतो. टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याचे नाव, गायक वगैरे माहितीचा, घोळ वेगळाच. आयडी३ या एमपी३च्या टॅगपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० अक्षरांची जागा होती आणि लिपी कोणती याची नोंदच नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत) आले, तरी प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसेल तर पडद्यावर चौकोनच दिसतात; अशा वेळी नावे रोमन लिपीत लिहून मोकळे होणे बरे.

या सगळ्याला वळसा घालणारा उपाय म्हणजे प्लेअरच्या आतले सॉफ्टवेअरच बदलणे. रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर २००१च्या अखेरीस आर्कोस ज्यूकबॉक्ससाठी सुरू झाले आणि पुढे अनेक आयपॉड, आयरिव्हर, सॅनडिस्क प्लेअरांवर पोहोचले. ते फोल्डर जसे आहेत तसे दाखवते, फ्लॅक आणि व्हॉर्बिस थेट वाजवते, त्यामुळे रूपांतराची गरजही पुष्कळदा उरत नाही. आयपॉडवर ते टाकायचे तर डिस्क फॅट३२ या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली लागते. मॅकवर तयार केलेला आयपॉड आधी बदलून घ्यावा लागतो. मूळ फर्मवेअर पुसले जात नाही. आयपॉड चालू होताना होल्डचे बटण सरकवले की ॲपलचा जुना मेनू परत येतो, आणि रॉकबॉक्समध्ये नुसती कॉपी करून टाकलेली शेकडो गाणी तिथे शोधून सापडत नाहीत, कारण आयट्यून्सडीबीमध्ये त्यांची नावे कुणी लिहिलेलीच नसतात.