डिन रेल

कंट्रोल पॅनलमध्ये एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच), रिले, कॉन्टॅक्टर (मोटरसारखा मोठा भार चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच), टर्मिनल (वायर जोडण्याचे ठोकळे), पॉवर सप्लाय वगैरे उपकरणे बसवण्याची धातूची प्रमाणित पट्टी. पॅनलच्या कामात हिला सर्रास ‘डिन चॅनल’ म्हणतात. मूळ कल्पना 1928 च्या सुमाराची, जर्मनीतली. ‘डिन’ हे तिथल्या मानकसंस्थेचे नाव. आज आयईसी (विद्युत क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय मानकसंस्था) 60715 हे मानक लागू आहे.

सर्वाधिक वापर 35 मिमी रुंदीच्या, टोपीसारख्या छेदाच्या रेलचा. खोली 7.5 मिमी (जाडी 1 मिमी) किंवा 15 मिमी (जाडी बहुधा 1.5 मिमी). उपकरणाची वरची खाच रेलच्या वरच्या काठावर अडकवून खालची बाजू दाबली की स्प्रिंगची क्लिप ‘टक्’ करून बसते. आवाजावर विसंबू नये; खालून ओढून पाहावे. काढताना चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप खाली खेचतात.

रेल कापण्याआधी हिशेब करावा. एक पोलचा (एकच वायर तोडणारा) एमसीबी साधारण 18 मिमी रुंद, म्हणजे तीन पोलचे तीन एमसीबी 162 मिमी. 2.5 चौरस मिमीच्या वायरीचे, 5.2 मिमी रुंदीचे 20 टर्मिनल 104 मिमी. दोन एंड क्लॅम्प (रांग सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना लावायचे अडसर) सुमारे 20 मिमी. एकूण 286; पुढच्या वाढीसाठी 20 टक्के धरून 350 मिमी तुकडा घ्यावा. कापलेल्या टोकाची बर (कापताना राहिलेली धारदार कड) कानसीने काढावी, नाहीतर ती वायरचे इन्सुलेशन सोलते. उथळ रेलवर उंच डोक्याचा बोल्ट लावला तर उपकरणाचा तळ त्यावर टेकतो आणि क्लिप लागत नाही. तिथे बुटक्या डोक्याचाच स्क्रू हवा.

एंड क्लॅम्प ही सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू. कॉम्प्रेसर किंवा क्रशरच्या पॅनलमध्ये कंपनाने टर्मिनलची रांग सरकते, फटी पडतात आणि वायरींना ताण बसतो. बहुतेक टर्मिनलांची एक बाजू उघडी असते, म्हणून रांगेतल्या शेवटच्याला एंड प्लेट (ती बाजू झाकणारी पट्टी) हवीच. नसेल तर आतला धातू हाताला लागतो.

अर्थिंगचा घोटाळा वेगळा. हिरव्या-पिवळ्या अर्थ टर्मिनलचा पाय रेललाच पकडतो, पण रेल रंगवलेल्या प्लेटवर असेल तर संपर्क फक्त स्क्रूच्या आट्यांतून होतो. रंग खरवडून दातेरी वॉशर घालावा. आयईसी 61439 नुसार उघड्या धातूच्या भागापासून मुख्य अर्थ टर्मिनलपर्यंतचा रोध 0.1 ओहमच्या आत असावा, आणि तो किमान 10 अँपिअर करंट सोडून मोजतात. साध्या मल्टिमीटरची बीप त्याचा पुरावा नव्हे.

एमसीबी चिकटून लावले की एकमेकांच्या उष्णतेने लवकर ट्रिप होतात; भार कायम असेल तर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे करंट कमी धरावा. पॉवर सप्लायच्या वर-खाली हवेला वाट ठेवावी, आणि रेल उभी लावल्यास त्याची क्षमता घटते. मोठे कॉन्टॅक्टर आणि ट्रान्सफॉर्मर रेलवर लटकवू नयेत, थेट प्लेटला बोल्टने बसवावेत.