तुंबलं तर ओरड, वाहून गेलं तर सुटलो : सांगलीच्या पावसाळी पाण्याची पार्श्वभूमी

शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतं, यावर सांगलीत आता कुणी वाद घालत नाही. वाद आहे तो दोषाच्या वाटणीचा. २०२३ च्या मार्चमध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा एका बाजूने साखर कारखान्यांच्या मळीकडे बोट गेलं, दुसऱ्या बाजूने महापालिकेच्या नाल्यांकडे. वळिवाच्या पहिल्या सरीने रस्ते, गॅरेजची दारं, मंडईचा चिखल आणि गटारांतला वर्षभराचा गाळ धुऊन नदीत नेला जातो, तो मात्र अशा भांडणांत कुणाच्याच नावावर चढत नाही.

याला कायद्याची घडणही कारणीभूत आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा संमतिपत्रावर, म्हणजे सांडपाणी सोडायला घ्याव्या लागणाऱ्या परवानगीवर चालतो. कारखान्याला पाइप असतो, सांडपाण्याला मुख असतं, तिथून नमुना घेता येतो आणि नोटीस कुणाला द्यायची हे कळतं. शंभर गल्ल्यांतून एकाच वेळी वाहणाऱ्या पाण्याचा नमुना कुठून घ्यायचा आणि नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची?

संस्थानकाळाबद्दल इथे फार सांगायची गरज नाही. १८०१ नंतर सांगली पटवर्धनांची राजधानी झाली. गाव लहान होतं, भोवती मळे होते, ओढे मोकळे होते. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि पुढे पुराचं माप त्याच्यावरच वाचलं जाऊ लागलं. आजच्या प्रश्नाची मुळं त्यानंतरच्या काळात आहेत, आणि त्यातही एका शब्दाभोवती सगळं गुंतलेलं आहे : गुंठेवारी.

कारखाने, हळदीची पेठ, मिरज-कुपवाडची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे माणसं आली. त्यांना परवडेल अशी बिगरशेती जमीन शहरात नव्हती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे छोटे तुकडे विकता येत नव्हते. मग शेतकऱ्याने वावराचे गुंठे पाडले, स्टॅम्पपेपरवर व्यवहार झाले आणि सातबारावर दहा-वीस नावं सामाईक चढली. घर झालं, वीज आली, मतदारयादीत नाव लागलं. एक गोष्ट कुणी आखलीच नाही : पाणी कुठून जाणार. वावरात पाणी बांधाच्या कडेने ओघळीत जात होतं. त्या ओघळीवर कुठे रस्ता आला, कुठे जिना.

२००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंत पडलेल्या प्लॉटांना तो लागू झाला. प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याची रक्कम) आणि विकास शुल्क भरायचं, दाखला घ्यायचा. सांगलीत या कायद्याची वाट पाहणारी हजारो कुटुंबं होती आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं खूप होतं. घाम गाळून बांधलेल्या घरावर कर्ज मिळत नव्हतं, विकायला गेलं तर कागद नव्हता. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की, नियम पाळून प्लॉट घेतलेल्यांना यातून वेडं ठरवलं गेलं. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं मालकीवर आणि शुल्कावर बोलत राहिल्या. माझ्या मते खरा घोटाळा तिसरीकडे झाला. घर नियमित झालं, पण त्याचा निचरा आहे तसाच अनियमित राहिला. रस्ता अरुंद, त्यामुळे दोन वेगळ्या वाहिन्यांना जागाच नाही. मग दारापुढून एकच उघडं गटार गेलं. त्यात मोरीचं पाणी, धुणी-भांड्यांचं पाणी, भरलेल्या सेप्टिक टँकची ओसंडी आणि पावसाळ्यात छपराचं पाणी. चारही एकत्र.

हे गटार पुढे ज्याला मिळतं तो नाला मुळात पावसाचा. उन्हाळ्यात त्यात वाहतं ते फक्त सांडपाणी. म्हणून शेरीनाल्यावरचे उपायही सांडपाण्याचा हिशेब धरून आखले गेले : पाणी उपसायचं, धुळगावच्या शिवारात न्यायचं, शुद्ध करून शेतीला द्यायचं. कल्पना वाईट नव्हती. पण पंपाची ताकद कोरड्या दिवसांतल्या प्रवाहावर ठरते आणि जोराच्या सरीत नाला त्याच्या कित्येक पट फुगतो. त्या तासाभरात जे वाहतं, ते पंपाला न विचारता नदीकडे जातं. वर्षातलं सर्वांत घाण पाणी नेमकं तेच असतं. वळीव एप्रिल-मेमध्ये येतो, नदीत तेव्हा प्रवाह नसल्यात जमा, बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी. सेंद्रिय घाण एकदम पडली की पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. आणि नालेसफाईचं वेळापत्रक बहुतेकदा मृग डोळ्यांपुढे ठेवून बसवलेलं. बरं, सफाई होते ती कशी? जेसीबी गाळ काढतो आणि वाळावा म्हणून काठावरच टाकतो. उचलायची गाडी येण्याआधी सर आली तर गाळ परत आत.

२००५ च्या पावसाने सगळ्या राज्याचं लक्ष निचऱ्याकडे वळवलं. मुंबईत २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, इकडे कृष्णेने सांगली बुडवली. खापर प्लास्टिकवर फुटलं, २००६ मध्ये पिशव्यांच्या जाडीचा नियम आला, २०१८ मध्ये बंदी आली. यामागचं एक मोठं कारण गटारं तुंबू नयेत हे होतं. आपल्याकडे पावसाळी पाण्याचा गुन्हा एकच मानला जातो, तो म्हणजे साचून राहणं. ते काय घेऊन गेलं हे विचारायची पद्धत पडलीच नाही. सांगलीच्या शामरावनगर वस्तीत पाणी तीन दिवस थांबलं तर मोर्चा निघतो. तेच पाणी तासाभरात निघून गेलं तर काम चोख झालं, असं सगळेच म्हणतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. योगायोग असा की, पावसाळी निचऱ्याची स्वतंत्र मार्गदर्शिका केंद्राने त्याच महिन्यात काढली. तोवर हा विषय मलनिस्सारणाच्या पुस्तकातलं एक प्रकरण होता. पुरानंतर सांगलीत चर्चा झाली ती निळ्या-लाल पूररेषांची, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची, पूरसंरक्षक भिंतीची. पूर ओसरल्यावर घराघरांतून फावड्याने ओढलेला गाळ, भिजलेली खतं, रंगाचे डबे, दुकानांतलं तेल पुन्हा गटारातच लोटलं गेलं, कारण दुसरीकडे लोटायला काही नव्हतं.

‘पाणी जिरवा’ हा सल्ला इथे सरसकट चालत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, ती मातीत पाणी शिरत नाही म्हणून. २००५ च्या पुरात वरूनच पाणी आलं आणि पेवं गेली. गुंठेवारीतली बरीचशी घरं अशाच चिकण काळ्या मातीवर आहेत. तिथे अंगणात तीन फुटांचा शोषखड्डा घेतला तर पहिल्या पंधरवड्यात तो डबकं होतो. खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं किंवा छपराचं पाणी गाळून टाकीत, बोअरमध्ये घ्यावं लागतं. २०२० च्या राज्यव्यापी बांधकाम नियमांत पर्जन्यजल संकलनाची सक्ती आहे ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक-दोन गुंठ्यांची घरं नियमाच्या बाहेरच राहिली.

घरच्या पातळीवर त्यातल्या त्यात फरक पडतो तो कोरड्या दिवसांत. वाळू-खडीचा ढीग ताडपत्रीखाली ठेवणं, सेप्टिक टँक भरण्याआधी उपसून घेणं, गाडीचं जुनं ऑइल डब्यात जमवून गॅरेजला परत देणं, अंगण पाइपने धुण्याऐवजी झाडून केर घंटागाडीत टाकणं. गोठ्याचं धुवण तर वाफ्यालाच हवं असतं, ते गटाराला का द्यायचं कळत नाही.

२०२१ मध्ये गुंठेवारी कायद्यातली मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली आणि प्रस्तावांची नवी फेरी सुरू झाली. वस्त्यांची मागणी आता बंदिस्त गटाराची आहे. डास आणि वास पाहता ती रास्तच. मात्र कोणत्या घरातून सेप्टिक टँकचा पाइप गटारात सोडला आहे, हे आज निदान वाकून बघता येतं; वर फरशी बसली की तेही उरणार नाही. म्हणून फरशी घालण्याआधी प्रत्येक जोडणीची नोंद घ्या, अशी काही रहिवाशांची मागणी आहे. कंत्राटात त्या कामासाठी वेगळी रक्कम धरायची की नाही, यावर ती अडते.